किड्यांची भिंत

प्रिय शिडीबाई,

मनगट कसं आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटली असेल आणि तू नक्की विणायची सुई घालून खाजवत असशील. खाजवू नकोस. माझ्या बहिणीने तेच केलं होतं आणि नंतर आत जखम चिघळली. विहीणबाईंना सांग, हाताखाली उशी देऊन झोपव म्हणावं. माझा डोळा उत्तम आहे. पट्टी निघाली, थेंब चालू आहेत, आणि तुला खोटं वाटेल, पण तुमच्या बाहेरच्या खोलीतला पडदा, ज्याला मी इतकी वर्षं राखाडी समजत होते, तो चक्क निळा निघाला. तू म्हणशील, एवढं सांगायला सासूबाईंनी कागद-पेन कशाला काढलं, फोन काय मेलाय? फोन जिवंत आहे. पण कारण आहे, आणि ते सांगणारच आहे. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे. बाही जोडायच्या आधी कापडावरून चार वेळा हात फिरवणारी बाई मी. तेव्हा जरा धीर धर, आणि हे पत्र एकटी असताना वाच.

तू माहेरी गेलीस आणि लगोलग तुझ्या नवऱ्याने मला ऑपरेशनसाठी इथे आणलं. घर ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ अजून ठिबकतो, खिडकीतल्या कुंड्यांना मी पाणी घालते, त्यातली एक गेली, तिला मी काही केलेलं नाही. आमचे चिरंजीव माझं सगळं करतात. ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर डोळ्यात थेंब तोच घालतो, गुडघ्याला तेल चोळून देतो, मी जेवले की नाही ते दुपारी फोन करून विचारतो. जिन्यात भेटणाऱ्या बायका म्हणतात, पोरगा असावा तर असा. मीही मान डोलावत होते. अगदी परवापरवापर्यंत डोलावत होते.

पण तुझ्या त्या किड्यांचं काय करू, सांग बाई! आम्ही जन्मभर किडे झाडूने घराबाहेर काढले आणि तू त्यांना काच लावून भिंतीवर बसवलंस. मला तर लोकरीच्या कपड्याला कसर लागलेली दिसली तरी जेवण जायचं नाही, गिऱ्हाइकाचा कोट आणि मध्ये भोक! आणि इथे सकाळी डोळे उघडावे तर समोर पंख पसरलेला पतंग, तळहाताएवढा, अंगावरची लव सुद्धा मोजून घ्यावी अशी. जेवायला बसावं तर शिंगवाला भुंगा. पूर्वी डोळ्यावर मोतीबिंदू होता तेव्हा ते नुसते तपकिरी डाग दिसायचे, त्यामुळे निभावलं. आता नव्या डोळ्याने प्रत्येकाचे पाय दिसतात. तरी एक कबूल करते. तू म्हणाली होतीस ना, की ही चित्रं म्हणजे कुठल्या तरी जुन्या जाडजूड पुस्तकातून सुटलेली पानं आहेत, छापल्यावर एकेकावर कुणीतरी ब्रशने रंग भरलाय, ते आता कळलं. त्यातल्या नेच्याच्या चित्रात एका ठिकाणी हिरवा रंग रेघेबाहेर गेलाय. कुणाचा तरी हात दमला असेल तेव्हा. ते बघून मला बरं वाटलं.

तुला पहिल्यांदा पाहिलं ते आठवतं. तो म्हणाला, आई, हिच्याशी लग्न करणार आहे, आणि मी मान वर करत करत तुझ्या चेहऱ्यापर्यंत पोचले आणि तोंडातून निघून गेलं, अरे, सून आणलीस की शिडी? जीभ चावली, पण तूच सगळ्यांत मोठ्याने हसलीस. वर म्हणालीस, शिडी माझ्याकडे वेगळी आहे, ती गाडीत आहे. त्याच्या ऑफिसात भिंतींवर चित्रं लावायला आलेली मुलगी, म्हणून तुमची ओळख. मला तेव्हा समजलंच नव्हतं की हा धंदा असू शकतो. खिळा मारायला माणूस बोलवायचा? मग चहा पिता पिता तू माझ्या भिंतीकडे बघत बसलीस. तुझ्या सासऱ्यांचा फोटो मी पार वर, छताजवळ टांगला होता, सगळे टांगतात तसा. तू विचारलंस, काढू का खाली? पहिल्या दिवशी घरात येऊन मेलेल्या माणसाच्या फोटोला हात लावणारी सून मी पाहिली नव्हती. तू शिडी आणलीस, फोटो उतरवलास, मला समोर उभं केलंस आणि बरोबर माझ्या नजरेच्या रेषेत लावलास. म्हणालीस, आता त्यांच्याशी बोलताना मान दुखणार नाही. त्या दिवसापासून तू माझी झालीस. हे तोंडावर कधी सांगितलं नाही, आज लिहिते.

तुझं काम मी नंतर जवळून पाहिलं. दातांच्या दवाखान्यात तू मला बरोबर नेलंस, आठवतं? बसायच्या खोलीत तू वर्तमानपत्राचे तुकडे फ्रेमच्या मापाने कापून आधी जमिनीवर मांडलेस, मग भिंतीवर चिकटवलेस, दोरा ताणलास, ती पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी लावलीस, आणि मग कुठे पहिला खिळा. तिथे एकही किडा लावला नाहीस, सगळी पानं, वेली, खसखशीची फुलं. म्हणालीस, घाबरलेल्या माणसाला पाय असलेलं काही दाखवू नये. त्या मुलीने, त्या हुशार मुलीने स्वतःच्या घरात काय करावं? एक चित्र गुडघ्याजवळ, सोफ्याच्या बाजूला. एक दाराच्या चौकटीला खेटून, जिथे दार उघडलं की काच फुटेल की काय असं वाटावं. एक स्वयंपाकघराच्या वळणावर, एक बेडरूममध्ये कपाटाच्या कडेला अर्धवट दडलेलं. कुणाचा कुणाशी मेळ नाही. येणारे-जाणारे म्हणतात, वा, काय वेगळी मांडणी आहे! लोकांचं काय, त्यांना वाकडंही वेगळं वाटतं. मी शिवणारी बाई. तिरकी शिवण दिसली की माझे हात शिवशिवतात. मनात म्हटलं, दिव्याखाली अंधार तो हा. लोकांच्या भिंती सरळ करता करता पोरीला स्वतःच्या घरी वेळ मिळाला नाही.

म्हणून मी ठरवलं की तू यायच्या आत ती भिंत तुझ्यासाठी सरळ करून ठेवायची. तू शिकवलंस तसंच, कागद कापून, दोरा ताणून. एका हाताने तुला आता कुठे जमणार होतं? खरं सांगू, मला फार हौस आली होती. मागच्या गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडे मी हुक आणायला गेले. नाव-पत्ता सांगितल्यावर तो म्हातारा खुर्चीवरून उठलाच. म्हणाला, तुम्ही त्यांच्या आई? अहो, तुमच्या चिरंजिवांसारखा रसिक माणूस या गल्लीत नाही. ती सगळी चित्रं त्यांनीच नेलीत. मी म्हटलं, छे, ती तर सुनेची आवड. तो म्हणाला, आवड सूनबाईंची असेल, पण दर वेळी निवडून नेतात ते हेच. मध्येच कधीतरी येतात, हसत हसत म्हणतात, काका, आज पुन्हा माफी मागायचीय, काहीतरी सुंदर काढा. बायकोवर जीव असावा तर असा.

अगं, मी फुलून गेले. नवरा-बायकोत कुरबुर व्हायचीच, पण आमचा मुलगा चित्र आणून समजूत काढतो, तोंड फिरवून बसत नाही, याचं मला किती कौतुक वाटलं! परत येताना खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई जिन्यात भेटल्या, त्यांनाही थांबवून सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, हो का, आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, ड्यूटीवरून आल्यात, दमल्या असतील. किंवा जळल्या असतील. असंही वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

मग मी पहिलं चित्र उतरवलं. स्वयंपाकघराच्या वळणावरचा भुंगा. मागे भिंतीत एक खोक होती, नखाच्या चंद्रासारखी, पण कपाच्या काठाएवढी, आणि खाली भिंतीवर चहा ओघळल्याचे पुसट डाग. मला काही वाटलं नाही. जुनी भिंत, आधीच्या भाडेकरूने काहीतरी आपटलं असेल, पोरीने झाकलं, बरं केलं. मग नेचा उतरवला. तिथे प्लास्टर फुटून आतली वीट दिसत होती. मग सोफ्याजवळचं, ते खालचं, रेशमाच्या किड्यांचं. तिथे बुटाच्या टाचेचा ठसा होता, काळा, आत रुतलेला. मग मी थांबलेच नाही. एकेक चित्र काढत गेले आणि पलंगावर ठेवत गेले, आणि प्रत्येकाच्या मागे काहीतरी होतंच. दाराच्या चौकटीजवळच्या खसखशीच्या फुलामागे चार बोटांचे उंचवटे जसे आत दाबले जावेत तसा खड्डा. मी माझी मूठ त्यात ठेवून पाहिली. मूठ आत बसली आणि भोवती जागा उरली. मोठ्या मुठीचा होता तो. खड्डा प्रत्येक वेळी बरोबर चित्राच्या मधोमध. तेव्हा मला कळलं, पोरी, की तू ती चित्रं वाकडी लावली नव्हतीस. तुझ्या हातून काम कधी चुकतच नाही. जिथे लागलं तिथेच तू मोजून लावलं होतंस.

मग माझा हात आपोआप पर्सकडे गेला आणि मी टेप काढली. जन्मभर ती गळ्यात घालून वावरले, काही सुचेनासं झालं की मी मापं घेते. आणि तुझी मापं मला पाठ आहेत. तुझा तो लांब कोट मी शिवला, लग्नातले कपडे मी शिवले, तयार कपड्यांत तुझ्या उंचीचं काही मिळत नाही म्हणून तू माझ्यासमोर किती वेळा उभी राहिली असशील. टेपचं टोक पायाच्या अंगठ्याखाली धरलं आणि पट्टी भिंतीवरून वर नेली. नेच्यामागचं फुटलेलं प्लास्टर तुझ्या खांद्याला. चहाच्या कपाची खोक तुझ्या कानाला. आणि बेडरूममध्ये कपाटाच्या कडेला, जिथे तो मोठा पतंग होता, तिथे खोक नव्हती. बशीएवढा भाग आत दबला होता आणि चहूबाजूंनी बारीक भेगा गेल्या होत्या. तो तुझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला येतो. मी तिथे पाठ लावून उभी राहिले. माझं डोकं त्याच्या पार खाली राहतं. त्या उंचीला डोकं येईल अशी बाई या घरात तूच.

मी खाली बसले. टेप गुंडाळली. शिडीवरून पडली म्हणून त्याने सांगितलं होतं, आणि मी फोनवर तुझी थट्टा केली होती, शिडीच शिडीवरून पडली म्हणे! तू काहीच बोलली नव्हतीस. मला वाटलं, औषधाची गुंगी असेल. सगळा जन्म शिडीवर घालवलेली मुलगी एका हाताने छताला खिळा मारते, ती घरातल्या घरात पडते कशी, हा प्रश्न मला पडायला नको होता का? पण आपल्या पोराबद्दल असा प्रश्न आईच्या डोक्यात येत नाही गं. येतच नाही.

तुला वाटेल, सासूने लगेच सुनेची बाजू घेतली. नाही. सगळं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. आधी मी तुझ्यावरच चिडले. म्हटलं, हिने सांगितलं का नाही? मग म्हटलं, हिनेच काही फेकलं असेल. मग म्हटलं, पुट्टीचा डबा आणावा, भरून टाकावं, वरून रंग द्यावा, कुणाला कळणार आहे? आपलेच दात आणि आपलेच ओठ. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ऐकतच आम्ही म्हाताऱ्या झालो. पोटचा गोळा आहे तो माझा. हा कुठून आला असा? तुझे सासरे चिडले की बाहेर जाऊन सायकल पुसत बसायचे. फार चिडले तर पुसलेली पुन्हा पुसायचे. त्यांनी माझ्यावरच काय, मांजरावर हात उगारला नाही. मी त्याचं सगळं लहानपण आठवून पाहिलं, कुठे काही धागा सापडतो का. सापडला नाही. मला वाटलं होतं, सापडला तर बरं वाटेल. आता मी शोधायचं सोडलंय, कारण धागा सापडला तरी तुझं मनगट मोडलेलंच आहे.

तो यायची वेळ झाली तशी मी उठले आणि सगळी चित्रं होती तिथे परत लावली. होती तिथेच, वाकडीच. टेप पर्समध्ये टाकली. तो आला, बूट काढले, आणि नेच्यासमोर थांबला. चित्र जरासं कललं होतं. त्याने एका बोटाने ते सरळ केलं आणि माझ्याकडे बघितलं. मग हात धुवायला गेला. जेवताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, ही चित्रं जरा ओळीत लावूया का, तिला बरं वाटेल. त्याने चमचा खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, आई, भिंतीला हात लावायचा नाही. आणि हसला. जेवण झाल्यावर रोजच्यासारखे थेंब घालायला बसला. माझी मान मागे, त्याचा तळवा माझ्या कपाळावर, आणि मी श्वास रोखून धरला होता. ज्या हाताला मी अक्षर गिरवायला शिकवलं त्या हाताला मी घाबरले, शिडीबाई. याहून वाईट दिवस मी पाहिलेला नाही, तुझे सासरे गेले तो दिवससुद्धा.

दुसऱ्या दिवशी तो गेल्यावर मी खाली नर्सबाईंकडे गेले. दारातच रडले. त्यांनी मला आत घेतलं आणि सांगितलं, की तुम्ही त्या दिवशी कौतुकाने बोलत होता ते ऐकवेना म्हणून दार लावलं. तुझ्या भुवईवर एकदा त्यांनीच टाका घातला म्हणे, आणि तू त्यांना शपथ घातलीस. त्यांनी तुला निघून जा म्हणून सांगितलं होतं आणि तू म्हणालीस, सासूबाईंना काय वाटेल. हे ऐकून मला त्या खुर्चीत बसवेना. अगं वेडे, मला काय वाटेल याचा विचार करत तू तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिलीस? मला काय वाटायचं ते वाटू दे ना! मी काय, चार दिवस रडले असते आणि मग तुझी बॅग भरायला घेतली असती.

आता मुद्द्यावर येते. परवा तो माझ्यासमोर तुझ्याशी फोनवर बोलला, आवाज मोठा करून, मलाही ऐकू यावं म्हणून. पुन्हा कधी होणार नाही म्हणाला. रडला. ते रडणं खोटं नव्हतं, मी त्याची आई आहे, मला कळतं. खोटं असतं तर सोपं झालं असतं. आणि तू म्हणालीस, रविवारी येते. तुझे मेसेज तो वाचतो, तुझा फोन कुणाकुणाला लागतो तेही बघतो, मला त्याने स्वतःच दाखवलं, प्रेमाने दाखवावं तसं. म्हणून हे पत्र विहीणबाईंच्या नावाने पाठवते आहे, आणि नर्सबाई ते त्यांच्या हॉस्पिटलजवळून टाकणार आहेत. तुझी बुडबुड्याची पट्टी, ड्रिल, सर्टिफिकिटं, लांब कोट आणि कपाटातल्या खालच्या कप्प्यातलं जे काही होतं ते सगळं मी थोडं थोडं करून त्यांच्याकडे नेऊन ठेवलंय. सगळी चित्रं पुन्हा उतरवून त्यांनी भिंतीचे फोटो काढले, प्रत्येक खड्ड्याशेजारी माझी टेप धरून. कुणासमोरही उभं राहून मी सांगेन की हे माप माझ्या सुनेचं आहे. आई असून सांगेन. तो माझ्यावर हात उचलेल का, मला माहीत नाही. महिन्यापूर्वी हा प्रश्न कुणी विचारला असता तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. तुझी लग्नाची गाठ सुटेपर्यंत मी इथेच राहणार, आणि त्यानंतरही त्याची आई राहणार, त्याला इलाज नाही. पण तू मोकळी आहेस. माझ्याकडून तर आजपासूनच.

आज तो ऑफिसातून लवकर आला. खुशीत होता. काखेत मोठं पुडकं, दारातून आडवं करून आणावं लागलं, आजवरच्या सगळ्यांत मोठं. कागद सोडला आणि मला दाखवलं, वेलीवर बसलेले पतंग, केवढे तरी, रंग तर असे की बघत राहावं. म्हणाला, आई, या वेळी आधीच आणून ठेवलं. मी विचारलं, कुठे लावणार? तो म्हणाला, ते ती आली की ठरेल. आता ते बाहेरच्या खोलीत खाली भिंतीला टेकवून ठेवलंय आणि मी त्याच्यासमोर बसून हे लिहिते आहे. पोरी, चित्र आलंय आणि त्याच्यामागची भिंत अजून धडधाकट आहे. रविवारी येऊ नकोस. कधीच येऊ नकोस.

तुझीच,
सासू म्हण, नाहीतर नुसतं आई